सायकल फूटपाथवर न चढवता नाशिकमध्ये कशी चालवायची: तयारीपासून पार्किंगपर्यंत

सकाळी गंगापूर रोडला फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांना विचारून बघा. मोटारींच्या बरोबरीने त्यांची तक्रार सायकलींबद्दल असते. मागून चाहूल न देता येतात, फूटपाथवर चढतात, उलट्या दिशेने अंगावर येतात, सिग्नल आपल्याला लागू नाही असे धरून निघून जातात. तक्रार खरी आहे. सायकलवाल्याला विचारले तर तो म्हणतो, रस्त्यावर बस आणि डंपर अगदी घासून जातात, मग मी जाऊ कुठे? तेही खरे आहे. पण मोठ्याची भीती वाटते म्हणून लहानाच्या अंगावर जायचे, हा तोडगा होऊ शकत नाही. फूटपाथ चालणाऱ्याचा आहे. सायकलवर बसलेला माणूस वाहनचालक असतो आणि खाली उतरला की पादचारी होतो. खालचे सगळे टप्पे या एकाच गोष्टीवर उभे आहेत.

टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. बहुतेक जण सायकल काढतात आणि थेट रस्त्यावर येतात, म्हणजे तिसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करतात. ब्रेक ढिले, दिवा नाही, वाट ठरलेली नाही. मग पहिल्या मोठ्या चौकात धडकी भरते आणि चाक आपसूक फूटपाथकडे वळते. फूटपाथवर चढण्याची चूक तिथे दिसते खरी, पण ती घरी, तयारीच्या वेळीच झालेली असते.

टप्पा १: सायकल दाराबाहेर काढण्याआधी

सुरुवात ब्रेकपासून. सायकल उभी ठेवा, पुढचा ब्रेक दाबा आणि सायकल पुढे ढकला. पुढचे चाक जागचे हलता कामा नये. मग मागचा ब्रेक दाबून तसेच करा. ब्रेकची मूठ पूर्ण दाबल्यावरही ती आणि हँडल यांच्यात दोन बोटांची जागा उरली पाहिजे. मूठ हँडलला टेकत असेल तर केबल ढिली आहे किंवा ब्रेकचे रबर संपले आहे. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की ते बदलायची वेळ झाली. कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात हे काम बसल्या जागी होते, त्यासाठी रविवारची वाट पाहू नका.

मग घंटी. घंटी नसलेली सायकल शहरात चालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. महागड्या सायकली घंटीशिवाय येतात आणि घेणाऱ्यांना ती लावणे कमीपणाचे वाटते. पण तोंडाने ओरडून सूचना देणे आणि घंटी वाजवणे यात मोठा फरक आहे. मागून अचानक ओरडले की माणूस दचकतो. घंटी ऐकली की त्याला कळते, सायकल येते आहे. घंटी हँडलच्या मुठीजवळ अशी लावा की ब्रेकवरची बोटे न काढता अंगठ्याने वाजवता येईल.

दिवे दोन लागतात, पुढे पांढरा आणि मागे लाल. पुढच्या दिव्याचा झोत सायकलीच्या पुढे पाच-सहा मीटरवर जमिनीवर पडेल इतका खाली वाकवा. समोरून चालत येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत गेला तर त्याला काहीच दिसत नाही आणि तो नेमका तुमच्याच बाजूला पाऊल टाकतो. अंधारात पुढचा दिवा सलग जळता ठेवा. लुकलुकणाऱ्या दिव्यावरून सायकल किती लांब आहे, याचा अंदाज पादचाऱ्याला येत नाही. सायकलीबरोबर आलेले रिफ्लेक्टर, चाकाच्या आऱ्यांमधले आणि पॅडलवरचेसुद्धा, दिसायला बरे दिसत नाहीत म्हणून काढून टाकू नका.

आणखी एक गोष्ट, जी कोणीच बघत नाही. हँडलच्या दोन्ही टोकांना रबरी बुचे असतात. ती हरवली की आतल्या लोखंडी नळीची गोल, धारदार कड उघडी पडते. माणसाला किंवा स्वतःला धक्का लागला तर ती कड कातडीत घुसते. बूच अगदी स्वस्त मिळते. आजच बसवा.

सामानाची पिशवी हँडलला टांगू नका. ती पुढच्या चाकात जाते, नाहीतर वळताना सायकल एका बाजूला ओढते. सामान कॅरिअरवर बांधा, आणि हँडलच्या रुंदीच्या बाहेर काहीही येऊ देऊ नका. दूध, पाण्याचे जार किंवा गॅसचे सिलिंडर नेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. हँडल माणसाला न लागता पुढे निघाले म्हणजे सगळी सायकल निघाली असे वाटते आणि मागचे सिलिंडर चालणाऱ्याच्या गुडघ्याला लागते.

तपासा: ब्रेक, घंटी, दिवे, बुचे, सामान. यातले एकही अपुरे असेल तर आज बसने किंवा पायी जा.

बॅटरीवर चालणाऱ्या सायकली आता कॉलेज रोडला भरपूर दिसतात. मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे त्यांना मोटार वाहन धरत नाहीत. त्याचा अर्थ एवढाच की लायसन्स लागत नाही. त्या फूटपाथवर न्याव्यात असा अर्थ त्यातून निघत नाही. त्या जड असतात, आवाज करत नाहीत आणि पॅडल न मारताही वेग घेतात, म्हणून चालणाऱ्याला त्यांचा धोका साध्या सायकलीहून जास्त.

टप्पा २: वाट आदल्या दिवशी ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. लोक सायकलनेही मोटारसायकलचीच वाट धरतात. मोटारसायकलला मुख्य रस्ता सोयीचा असतो, कारण ती बाकी वाहतुकीच्या वेगाने जाऊ शकते. सायकलला आतला रस्ता सोयीचा. दोन-चार मिनिटे जास्त लागतील, पण फूटपाथवर चढायची वेळ येणार नाही.

नाशिकचे बहुतेक मोठे रस्ते असे आहेत की त्यांच्या बाजूने कॉलनीतले रस्ते जातात. गंगापूर रोड आणि कॉलेज रोड यांच्या मधल्या कॉलन्यांत झाडांखालचे निवांत रस्ते आहेत. गंगापूर रोडने अशोक स्तंभाकडे येताना गर्दी दाटते, तिथे पंडित कॉलनीच्या गल्ल्या धरता येतात. सिडकोतून अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या कामगारांनी महामार्गापेक्षा वस्तीतून जाणारी वाट बघावी. मुंबई-आग्रा महामार्गाच्या उड्डाणपुलावर सायकल नेऊच नका. वरून जाणाऱ्या गाड्यांचा वेग सायकलच्या कितीतरी पट असतो आणि कडेला थांबायला जागा नसते. खालच्या रस्त्याने जा.

वाट ठरवताना नकाशावर न थांबता एकदा पायी किंवा सुटीच्या दिवशी सायकलने जाऊन या, आणि या गोष्टी बघून ठेवा: उजवीकडे वळायचे चौक किती, गटारांच्या जाळ्या कुठे आहेत, कुठला पट्टा खोदलेला आहे. सिंहस्थाच्या कामांमुळे चांगला रस्ता कुठल्याही आठवड्यात उखडलेला असू शकतो. म्हणून एक पर्यायी वाट नेहमी डोक्यात ठेवा. जाळीच्या पट्ट्या रस्त्याला समांतर असतील तर बारीक टायर त्यात अडकतो. अशी जाळी आधीच माहीत असली की तुम्ही ती शांतपणे टाळता. ऐनवेळी दिसली की झटक्यात वळता, आणि त्या झटक्याच्या वाटेत कोणीतरी चालत असते.

जुन्या नाशिकचे वेगळे. मेन रोड, रविवार कारंजा, सराफ बाजार, भद्रकाली या भागांत दुकाने उघडल्यावर सायकलवर बसून जाण्यात अर्थ नाही. तिथे रस्ता हाच फूटपाथ आहे. उतरा आणि हातात धरून न्या. पंचवटीत रामकुंडाच्या परिसरातही तेच करा. बाहेरगावाहून आलेले भाविक देवळाकडे बघत चालतात, हाताला मूल असते, डोक्यावर बोचके असते. ते तुमच्याकडे बघतील अशी अपेक्षा करणेच चूक आहे.

इशारा: "रोजचीच वाट आहे" म्हणून हा टप्पा गाळू नका. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी तोच रस्ता पूर्ण बदललेला असतो. रिक्षा, स्कूल व्हॅन आणि पालकांच्या गाड्या दोन्ही कडा अडवतात आणि मुले मधून धावतात. तुमच्या वाटेवर शाळा असेल तर तिची वेळ माहीत करून घ्या आणि वीस मिनिटे आधी किंवा नंतर निघा.

टप्पा ३: रस्त्यावर तुमची जागा धरा

सायकल डावीकडून चालवायची, हे सगळ्यांना माहीत आहे. पण डावीकडून म्हणजे कुठून? बहुतेक जण अगदी कडेला, गटाराच्या जाळीला चिकटून चालवतात. तिथे माती, खडी आणि काचा साठलेल्या असतात, आणि रस्त्याची कड तुटलेली असते. शिवाय मागून येणाऱ्याला वाटते, हा बाजूला आहेच, आपल्याला जागा आहे, आणि तो घासून जातो. मग घाबरून सायकल फूटपाथवर जाते. हे चक्र तोडायचे असेल तर कडेपासून सुमारे एक मीटर आत चालवा. मागच्या गाडीला तुम्ही स्पष्ट दिसता आणि तुम्हाला ओलांडायला तिला थोडे उजवीकडे जावे लागते. खड्डा आला तर डावीकडे सरकायला तुमच्याकडे जागा उरते.

कडेला गाड्या उभ्या असतील तर त्यांच्यापासूनही तेवढेच अंतर ठेवा. मोटारीचे दार उघडले की जवळपास मीटरभर जागा खाते. गाडीत माणूस बसलेला दिसला की दार उघडणारच, असे धरून चाला. उभ्या गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत आत-बाहेर करू नका. सरळ रेषेत जा. सायकलवाल्याबद्दल वाहनचालकांची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते की हा पुढच्या क्षणी कुठे जाईल ते कळत नाही.

अरुंद जागी, म्हणजे दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या गल्लीत किंवा खोदकामाजवळच्या एकेरी पट्ट्यात, काही वेळ रस्त्याच्या मधोमध चालवणे योग्य आहे. मागे वळून बघा, हात दाखवा, मधे या, आणि तो तुकडा संपला की परत डावीकडे व्हा. मागच्याने हॉर्न वाजवला तर वाजवू द्या. तिथे तुमच्या शेजारून जायला सुरक्षित जागा नसतेच.

उलट्या दिशेने सायकल चालवणे सुरक्षित असते, हा नाशिककरांचा ठाम गैरसमज आहे. "समोरची गाडी दिसते म्हणून मी उजव्या बाजूने चालवतो," असे सांगणारे भरपूर भेटतात. रस्त्याला फूटपाथ नसेल तर पायी चालणाऱ्याने समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालणे बरोबर आहे. सायकलला ते लागू नाही. तुमचा ताशी १५ आणि समोरच्या स्कूटरचा ताशी ४० मिळून अंतर ५५ च्या वेगाने कमी होते. त्याच दिशेने गेलात तर तो फरक २५ चाच राहतो. शिवाय गल्लीतून बाहेर पडणारा चालक आणि रस्ता ओलांडणारी आजी, दोघेही उजवीकडे बघतात. तुम्ही डावीकडून उगवता. दुभाजकामुळे लांबचा वळसा पडत असेल तर पुढच्या सिग्नलपर्यंत जा, नाहीतर उतरून फूटपाथने सायकल हाताने न्या.

बसथांब्यापाशी विशेष काळजी घ्या. सिटीलिंकची बस डावीकडे येऊ लागली की तिच्या आणि फूटपाथच्या मधल्या फटीतून निसटायचा मोह होतो. तो आवरा. उतरणारा प्रवासी पहिले पाऊल नेमके त्याच फटीत टाकतो आणि त्याचे लक्ष पायरीकडे असते. बसच्या मागे थांबा. बस हलली की निघा.

सातपूर-अंबडच्या बाजूला ट्रक आणि कंटेनर फार. ट्रकच्या केबिनच्या डाव्या बाजूला तुम्ही चालकाला दिसत नाही. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, असे समजा. सिग्नलला त्याच्या डावीकडून पुढे घुसू नका, मागेच थांबा.

तपासा: दहा मिनिटे चालवल्यावर स्वतःला विचारा, मी किती वेळा झटक्याने वळलो? उत्तर दोन-तीनपेक्षा जास्त असेल तर तुम्ही कडेला फार चिकटून चालवत आहात किंवा वाट चुकीची निवडली आहे. परत टप्पा २ वर या.

टप्पा ४: चौक आणि सर्कल

हाताचे इशारे तीनच. उजवीकडे जायचे तर उजवा हात सरळ बाहेर, डावीकडे जायचे तर डावा हात सरळ बाहेर, वेग कमी करायचा तर तळवा जमिनीकडे करून हात वर-खाली. इशारा वळताना द्यायचा नसतो. वळण्याआधी चार-पाच सेकंद द्यायचा, मग दोन्ही हात हँडलवर घ्यायचे आणि मग वळायचे.

उजवे वळण सायकलला अवघड असते. मोठ्या चौकात ते दोन भागांत घ्या. हिरवा दिवा लागला की सरळ पलीकडे जा, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात झेब्रा पट्ट्यांच्या आधी थांबा, सायकल उजवीकडच्या रस्त्याच्या दिशेने वळवा आणि त्या बाजूचा सिग्नल हिरवा झाला की निघा. एक सिग्नल जास्त लागतो. त्या बदल्यात मधल्या गर्दीत अडकणे टळते.

जेहान सर्कल, एबीबी सर्कल यांसारख्या ठिकाणी किंवा द्वारका, मुंबई नाक्यासारख्या अवाढव्य चौकांत संध्याकाळी आत्मविश्वास नसेल तर सरळ उतरा आणि पादचाऱ्यासारखे ओलांडा. यात कमीपणा काही नाही. मात्र उतरायचे म्हणजे पूर्ण उतरायचे. सीटवर बसून पायांनी रेटत झेब्रा पट्ट्यांवरून जाणे म्हणजे उतरणे नव्हे.

इशारा: लाल दिव्याला झेब्रा पट्ट्यांवर थांबू नका. समोरून दोन्ही बाजूंनी माणसे येतात आणि तुमच्या पुढच्या चाकाला वळसा घालून त्यांना गाड्यांकडे सरकावे लागते. रेषेच्या मागे थांबा. रस्ता रिकामा दिसला तरी लाल दिवा तोडू नका. सायकल मोटार वाहन नाही, म्हणून तिला लायसन्स किंवा नंबरप्लेट लागत नाही. पण भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही वाहन बेदरकारपणे चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला लागू होते. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

टप्पा ५: फूटपाथवर जावे लागलेच तर

कधी कधी खरोखरच इलाज नसतो. पूर्ण रस्ता खोदलेला असतो, किंवा पाणी तुंबलेले असते आणि खाली काय आहे ते दिसत नाही. अशा वेळी फूटपाथवर या, पण उतरून.

उतरून का, ते आकड्यांत बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे फूटपाथवर चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी. त्यातून झाडाचे आळे, विजेची डीपी, फ्लेक्सचा खांब आणि वडापावची गाडी वजा करा. उरलेल्या जागेत ६० सेंटिमीटर रुंद हँडल येते, डोंगरी सायकलीचे तर ७० च्या पुढे. सायकलवर बसलेले असताना तोल सांभाळायला ते हँडल सतत थोडे डावी-उजवीकडे होत असते. शेजारून दोन माणसे गेली की अंतर संपलेच.

हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. नाशिक रोडला भाजी घेऊन एक मावशी चालल्या होत्या, दोन्ही हातांत कापडी पिशव्या. मागून शाळकरी मुलगा फूटपाथवरून आला. वेग फार नव्हता. हँडलचे टोक पिशवीच्या बंदात अडकले. मुलगा पुढे गेला, पिशवीने मावशींचा हात मागे खेचला, त्या गर्रकन फिरून गुडघ्यावर बसल्या आणि टोमॅटो रस्त्यावर गेले. मुलगाही पडला. दोघांपैकी कोणीही घाईत नव्हते. घंटी वाजली असती तरी पिशवी बाजूला घ्यायला तिथे जागाच नव्हती.

उतरून चालण्याचीही पद्धत आहे. सायकल तुमच्या आणि रस्त्याच्या मधे ठेवा, म्हणजे तुम्ही दुकानांच्या बाजूला आणि सायकल रस्त्याच्या बाजूला. त्यामुळे पॅडल चालणाऱ्यांच्या नडगीला लागत नाही. एक हात हँडलवर, दुसरा सीटवर ठेवा. दोन्ही हातांनी हँडल धरले की मागचे चाक फरपटत बाजूला जाते. समोरून काठी घेऊन कोणी येत असेल, बाबागाडी असेल, तर तुम्ही थांबा. वाट देण्याची जबाबदारी तुमची आहे.

तपासा: अडथळा संपला का? संपला असेल तर लगेच रस्त्यावर उतरा. "आता चढलोच आहे तर पुढच्या चौकापर्यंत जाऊ," ही सवय लागू देऊ नका.

टप्पा ६: चालणाऱ्याला ओलांडताना

आपल्याकडे कितीतरी रस्त्यांना फूटपाथच नाहीत, किंवा आहेत पण चालण्याजोगे नाहीत. तेव्हा माणसे रस्त्यावरच चालणार आणि तुम्हाला त्यांना ओलांडावे लागणार. त्याचा क्रम असा.

लांबूनच, पंधरा-वीस मीटरवर असताना, घंटी एकदा वाजवा. लगेच वेग कमी करा. ताशी २० किलोमीटरने सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर जाते, आणि समोरचा माणूस हलला हे दिसून बोटे ब्रेकवर दाबेपर्यंत सेकंद निघून जातो. म्हणून त्याची प्रतिक्रिया बघायला दोन-तीन सेकंद द्या. त्याने मागे पाहिले किंवा एका बाजूला सरकला, तर त्याच्या उजवीकडून किमान एक मीटर अंतर ठेवून जा. काहीच प्रतिक्रिया नसेल तर त्याला ऐकू आलेले नाही. कानात इअरफोन असेल, वयामुळे ऐकू कमी येत असेल. अशा वेळी जवळ येऊन पुन्हा घंटी वाजवू नका. चालण्याच्या वेगावर या आणि शांत आवाजात सांगा, "आजोबा, उजवीकडून येतोय." दादा, ताई, मावशी, जे योग्य ते म्हणा. पुढे गेल्यावर मान हलवली तरी पुरे.

सतत घंटी वाजवत जाणे ही चूक आहे. घंटी ही सूचना आहे, "बाजूला व्हा" असा हुकूम तिच्यात येता कामा नये. टणटण ऐकून चार जणांचा घोळका फुटतो, दोघे डावीकडे, दोघे उजवीकडे, आणि मधे मोकळी झालेली जागा बघून तुम्ही वेग वाढवता. मग डावीकडच्याला वाटते आपण त्या दोघांकडे जावे. घोळका दिसला की उतरण्याइतका वेग कमी करा.

लहान मूल, कुत्रा घेऊन चाललेला माणूस आणि मोबाइलवर बोलणारा, या तिघांच्या हालचाली आधी कळत नाहीत. कुत्र्याची साखळी रस्त्यावर आडवी येते आणि संध्याकाळी ती दिसत नाही. तिथे अंतर दीड-दोन मीटर ठेवा किंवा मागे थांबा.

स्वतःच्या कानात इअरफोन घालून सायकल चालवू नका. एका कानातही नको.

पावसाळ्यात हे सगळे लवकर सुरू करा. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकचे रबर ओले झाले की चाकाची पहिली एक-दोन फेरी नुसते पाणी पुसण्यात जाते. जून ते सप्टेंबर, थांबायच्या बऱ्याच आधी ब्रेक हलकेच धरून रिम कोरडी करा, मग पूर्ण दाबा. झेब्रा पट्ट्यांचा रंग आणि ड्रेनेजची लोखंडी झाकणे ओली असताना निसरडी होतात, त्यांच्यावर वळू नका. मडगार्ड नसेल तर तुमच्या चाकाचे चिखलपाणी शेजारून चालणाऱ्याच्या कपड्यांवर जाते. चार महिन्यांपुरते तरी मडगार्ड लावा.

टप्पा ७: सायकल ट्रॅक असेल तिथे

अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड फूटपाथ आणि सायकल ट्रॅकसह बांधला गेला. ट्रॅक मोकळा असेल तिथे तो वापरा. मात्र फूटपाथ शेजारीच असल्यामुळे चालणारे तिथे येतात, दुकानात जाणारे तो ओलांडतात. त्यामुळे ट्रॅक म्हणजे वेगाने जायची जागा नव्हे. ताशी दहा-बारा किलोमीटर बस्स. वेगाने जायचे असेल तर रस्त्यावर या.

ट्रॅकवर मोटारसायकल उभी असेल तर फूटपाथच्या बाजूने वळसा घालू नका. थांबा, मागे बघा, रस्त्याच्या बाजूने जा.

टप्पा ८: ग्रुप आणि मुले

शनिवार-रविवारी पहाटे गंगापूर धरण, त्र्यंबकच्या बाजूला जाणारे ग्रुप निघतात. दोनपेक्षा जास्त जण शेजारी-शेजारी नकोत, आणि मागून गाडी आली की एकामागे एक व्हा. वीस जण असतील तर पाच-पाचचे गट करा आणि गटांत अंतर ठेवा, म्हणजे पायी चालणाऱ्याला रस्ता ओलांडायला मधे फट मिळते. पुढच्याने खड्डा किंवा माणूस दिसल्यावर हाताने खुणावायचे, ओरडायचे नाही. पहाटे लोक झोपलेले असतात. परतताना मिसळीला थांबलात तर सायकली हॉटेलच्या आवारात लावा. फूटपाथभर आडव्या पाडलेल्या सायकलींमुळे चालणाऱ्यांना भर रस्त्यावर उतरावे लागते.

सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना, बारा-सोळा इंची चाकांच्या सायकलीवर, मोठ्या माणसाने शेजारी चालत फूटपाथवरून नेणे मला गैर वाटत नाही. त्यांना रस्त्यावर आणणेच धोक्याचे. पण जॉगिंग ट्रॅकवर सायकल शिकवू नका. तिथे लोक निर्धास्तपणे चालायला येतात, काहींचे गुडघ्याचे ऑपरेशन झालेले असते. सोसायटीचे आवार किंवा मोकळे मैदान शोधा, आणि आधी थांबायला शिकवा, मग चालवायला.

टप्पा ९: सायकल उभी करताना

फूटपाथवर काही ठिकाणी पिवळ्या, उठाव असलेल्या फरशांची पट्टी असते. ती अंध व्यक्तींना पायाने किंवा काठीने वाट कळावी म्हणून आहे. तिच्यावर किंवा तिच्या लगत सायकल लावू नका, चाकाचा कोपराही येऊ देऊ नका. रेलिंगला किंवा झाडाला साखळी लावताना बघा, व्हीलचेअर सहज जाईल एवढी जागा उरते का? नसेल तर दुसरी जागा. उताराच्या रॅम्पवर सायकल लावणे म्हणजे व्हीलचेअरची वाटच बंद करणे.

टप्पा १०: धक्का लागलाच तर

थांबा. सायकल बाजूला घ्या. पडलेली व्यक्ती वयस्कर असेल तर हाताला धरून लगेच उठवू नका. म्हातारपणी कुशीवर पडल्यावर खुब्याचे हाड मोडण्याची शक्यता असते. पाय हलवता येतो का, कमरेत किंवा मांडीत दुखते का, ते विचारा. पायावर भार देता येत नसेल तर हलवू नका आणि १०८ ला फोन करा. पोलिसांची मदत लागली तर ११२. त्यांच्या घरच्यांना तुमच्याच फोनवरून कळवा, तुमचा नंबर द्या आणि कोणी येईपर्यंत तिथेच थांबा. "काही नाही झालं, जा तू," असे त्या म्हणाल्या तरी नंबर द्याच. मुका मार दुसऱ्या दिवशी दुखतो.

चालणाऱ्यांनाही एक विनंती. फूटपाथवर सायकल आली तर हाताने किंवा छत्रीने अडवू नका, कॅरिअर धरून ओढू नका. सायकलवाला पडतो आणि तुमच्याच अंगावर पडतो. एका बाजूला थांबा आणि स्पष्ट सांगा, "दादा, उतरून न्या." रोज तोच मुलगा येत असेल तर त्याच्या शाळेत किंवा घरी सांगणे जास्त उपयोगी पडते.

टप्पा ११: रस्ताच अडलेला असेल तेव्हा तक्रार

फूटपाथ किंवा ट्रॅक कायम अडलेला असेल, गटाराची जाळी चुकीची बसवली असेल, तर ओरडून उपयोग नाही. फोटो दोन काढा, एक जवळून आणि एक लांबून, ज्यात दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा नंबर दिसेल. तारीख आणि वेळ लिहा. महापालिकेची विभागीय कार्यालये सहा आहेत: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर आणि नाशिक रोड. जागा ज्या विभागात येते तिथेच अर्ज द्या, दुसरीकडे दिला तर तो फिरत राहतो. वाहने उभी असल्याची तक्रार मात्र वाहतूक पोलिसांकडे करा. एका अर्जात एकच जागा लिहा. पाच जागा एकत्र लिहिल्या की एकीचेही काम होत नाही. सायकलवाल्यांनी आणि चालणाऱ्यांनी मिळून सह्या केल्या तर उत्तम, कारण जाळी आणि अतिक्रमण दोघांनाही आडवे येते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पुढच्या वेळी जाताना तो क्रमांक सोबत न्या.